साट्यातली गोष्ट

फॅक्टरी कॉलनी, भद्रावती
६ सप्टेंबर २०२३

रीता वहिनी,

काल तुझा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते, आणि तुझ्या आईनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, फोन उचलून स्पीकर लावला होता. म्हणून मी नुसतं "अरे वा, छान झालं गं" म्हणाले. आता खरं लिहिते. पत्राला स्पीकर नसतो.

छान वगैरे काही झालं नाही. तव्यावरची पोळी जळली आणि तिच्यासोबत मीही जळले. तू तीन अंकी नाटक लिहिलंस, वडशाच्या नाटक कंपनीनं ते घेतलं, दिवाळीनंतरच्या आपल्या चिचटोल्याच्या जत्रेत, मंडईत, पहिला प्रयोग ठरला, आणि मला हे सगळं ठरल्यावर कळतं! तुला वाचायला पहिलं पुस्तक कुणी पाठवलं होतं? तुझ्या गोष्टींवर लाल पेन कुणी चालवला? आता लाल पेनवाली इथं डाळ निवडते आणि तू स्टेजवर शाल घेणार.

तेही मी गिळलं असतं. पण तू म्हणालीस, नाटक "बाईच्या तरुणपणावर" आहे. ती तुझी बाई, तुझी सासू, माझी माय आहे, वहिनी. गावात सगळ्यांना माहीत आहे की मनकर्णा एकदा घर सोडून रानातून माहेरी निघाली होती आणि अर्ध्या वाटेवरून परत आली. का निघाली, का परत आली, हे मी तिला पोरवयापासून विचारत आलेय. तिचं उत्तर ठरलेलं. "जाय, पानी भरून आन." बाबा गेल्यावर विचारलं, तरी तेच. नागपूरच्या मासिकानं नव्या वर्षाच्या अंकासाठी माझ्याकडं दीर्घकथा मागितली आहे. इतकी वर्षं लहान लहान कथा छापून आल्या, दीर्घ पहिल्यांदाच मागितली कुणी. मी त्यांना कळवून मोकळी झाले की आईवर लिहितेय. आणि माय ती गोष्ट देते कुणाला, तर तुला!

आपली लग्नं एका मांडवात साट्यानं झाली. तू माझ्या भावाला, मी तुझ्या भावाला. एका घरात जे होईल ते दुसऱ्या घरात, असं म्हणून चार माणसांनी सुपारी फोडली. मग हे कसलं साटं? तुझी आई माझ्या हातात पुस्तक दिसलं की मला लसूण सोलायला देते. आणि माझी माय, जिनं माझं वाचनालयाचं पुस्तक दूध उतू गेलं म्हणून चुलीत घातलं, ती तुला बसवून गोष्टी सांगते.

काय सांगितलं तिनं? सगळं लिही. लपवू नकोस.

तुझी वहिनी अन् नणंद,
दिव्यानी


चिचटोला, ता. धानोरा
१८ सप्टेंबर २०२३

वहिनी,

तू जळली हे वाचून मले लय बरं वाटलं. खोटं काऊन बोलू? आजपर्यंत मीच जळत होती. दिवाळी अंकात तुह्यं नाव आलं का मी ते पान उघडून सपरीत बसलेल्या सगळ्याईले दाखवत फिरे, अन् रात्री पोटात दुखे. आता तुले दुखून राह्यलं. साटं बरोबर झालं पाय.

तू म्हन्ते बाई मले बसवून सांगते. बसवून कोन सांगते वो! निंदन करता करता सांगतलं. धानाच्या बांधीत चिखल पायापर्यंत, मी पुढं, ते मांगं. मी एक शब्द इचारला नाई, तेच सुरू झाली. मान वर नाई केली अन् हात बी थांबवला नाई. मी जर वळून पाह्यलं असतं तं ते गप बसली असती, म्हनून मी बी वळली नाई. घरी येऊन बैलाले चारा टाकला, सैपाक केला अन् मंग लिवलं.

अन् तुले काय कमी हाय? पंखा हाय. टेबल असनच. प्रफुलदादा तुले चंद्रपूरवरून पुस्तकं आनून देते. कॉलनीत वाचनालय हाय. इथी तुह्या भावाले कोऱ्या कागदाचा गठ्ठा आन म्हनलं तं रोशन पेट्रोल पंपाच्या पावतीबुकाचे आनते. म्हन्ते मांगून कोरेच हायेत ना! अर्ध नाटक पावत्याईच्या मांगं लिवलं हाय. तुह्या जागी मी असती तं दहा नाटकं लिवली असती.

गोष्ट सांगतो. बाईले लटारूमामानं, तुह्या बाबानं, मारलं. काऊन मारलं ते बाईले बी आता आठवत नाई म्हने. ते उठली, पोरगी कडेवर घेतली अन् सकाळच्या पहारी रानातून मायेरले निघाली. नाल्यापर्यंत गेली. तिथी तिले आठवलं का आपलं बी लगन साट्याचंच. आपन गेलो तं आपल्या भावाच्या घरून आपल्या नणंदेले बी हाकलून देतीन. एक घर मोडलं का दुसरं मोडते. म्हनून वापस आली. माह्या तिसऱ्या अंकात तिथीच पडदा पडते. दिनेशभाऊ, ते कंपनीचे मालक, वाचता वाचता डोळे पुसत होते.

नक्कल पाठवून राह्यली. लाल पेन घेजो.

रीता


भद्रावती
३ ऑक्टोबर २०२३

रीता वहिनी,

नाटक वाचलं. आधी रागानं वाचलं, मग पेन हातात घेऊन वाचलं, मग पेन खाली ठेवून वाचलं. काय बाई लिहिलंस! दुसऱ्या अंकात ती बाई भांडी घासता घासता नवऱ्याशी बोलते, तोंड राखेकडं, आणि तो पाठमोरा बिडी ओढतो. माझ्या माहेरच्या घरात मी पंधरा वर्षं ते बघितलं आणि मला एकदाही लिहिता आलं नाही. तू सून म्हणून आलीस आणि उचलून नेलंस. लाल पेन चालवायला जागा सापडेना म्हणून मला रडू आलं. ते कौतुकाचं नव्हतं, हे लक्षात असू दे.

पण एक जागा सापडली. तिसरा अंक. तो खोटा आहे.

रानातून, पोरगी कडेवर घेऊन, एवढी चालत आलेली बाई नाल्याच्या काठावर साट्याचा विचार करून फिरते? तो विचार तिनं उंबऱ्यातच केला असता. साट्यातल्या बाईला साटं आठवावं लागत नाही, वहिनी. ते तिला भाकरीसोबत रोज वाढतात. नाल्यावर काहीतरी दुसरं झालं. एक तर मायनं तुला सांगितलं नाही, नाही तर तू मला सांगत नाहीस. आणि ती कडेवरची पोरगी मीच ना? मग मला कळायला नको?

आता घरचं. आईंच्या मोतीबिंदूला डॉक्टरांनी तारीख दिली आहे, १७ नोव्हेंबर. मंडईच्या तोंडावरच आली, काय करणार. प्रफुलची ड्यूटी आहे, आमच्या प्रियाची दहावी, आणि आई म्हणतात डोळ्याचं आहे, पोटची लेकच जवळ पाहिजे. तू दहा दिवस इकडं ये. मी धान कापायला तिकडं जाते, म्हणजे मायचंही अडणार नाही. मंडई सत्तावीसला आहे, तोवर तू मोकळी होशील. साट्याला साटं.

दिव्यानी


चिचटोला
१४ ऑक्टोबर २०२३

वहिनी,

मायच्या डोळ्याले मी नाई कशी म्हनू? येईन. पन आतडं तुटून राह्यलं. तालमी त्याच दिवसात हायेत. लेखक जवळ नसला तं हे कंपनीवाले कुठीबी गानं घुसवतात अन् बापाच्या मयतीत बी कॉमेडीवाला आनतात. दिनेशभाऊ म्हने, बाई, तुमी नसान तं आमी कोनाले इचारू? मी म्हनलं, माही नणंद येऊन राह्यली, ते छापील लेखिका हाय, तिले इचारा. बोलली अन् लगेच जीभ चावली.

तिसऱ्या अंकाचं राहू दे. बाईनं जेवढं सांगतलं तेवढं लिवलं. कडेवरची पोरगी तूच, दुसरी कोन असन?

बाईले जास्त इचारत बसू नको. तिची तब्येत आताशा बरी नसते.

रीता


चिचटोला
१८ नोव्हेंबर २०२३

रीता वहिनी,

ऑपरेशन नीट झालं हे प्रफुलच्या फोनवरून कळलं. हे पत्र खुशालभाऊ ड्रायव्हरच्या हाती देते आहे, त्यांची गाडी रोज चंद्रपूरवरून भद्रावतीपर्यंत जाते. पोस्टाची वाट बघायला मला धीर नाही.

इथं माझं काय चाललंय सांगू? काही नाही. मायनं मला विळा हातात घेऊ दिला नाही. "लेक मायेरले आली, तिले का राबवू?" मला पाटावर बसवून डोक्याला तेल लावलं, वडे तळले, दुपारी अंगावर पांघरूण घालून निजवलं. सकाळी विचारलं, संध्याकाळी विचारलं, तेल लावताना विचारलं. "माय, नाल्यावर काय झालं होतं?" तिची बोटं केसात थांबली. मग म्हणाली, "किती कोंडा झाला तुह्या डोस्क्यात." तुला चिखलात उभं करून गोष्ट दिली आणि मला वडे.

मग मी वावरात गेले. उशिरा पिकणारं जड धान अजून उभं आहे, म्हणून राखणीचं मचानही आहे. तिथं तुझी कागदांची पेटी पाहिली. वर सावलीला मायचं जुनं लुगडं बांधलेलं, पाण्याची बाटली टांगलेली, पाठ टेकायला धानानं भरलेलं चुंगडं. रोशनदादा म्हणाला, हे सगळं मायनं केलं. "रीता लिवते तवा तिच्या आंगावर ऊन नाई पडलं पायजे." वहिनी, मी त्या लुगड्याखाली बसून ओरडून रडले असते, पण खाली शेजारच्या ठमीकाकूच्या सुना कापणी करत होत्या. दोन तास बसले. राघू येऊन धान खाऊन गेले आणि माझी एक ओळ झाली नाही.

गावभर "आमची रीता, आमची रीता" सुरू आहे. मायला कुणी विचारलं, ही कोण? तर म्हणते, "हे लेक होय, भद्रावतीले असते." बस, एवढंच. लिहिते वगैरे काही नाही.

तालमीला गेले होते. चांगलं बसलं आहे. दोन जागी वाक्यं लांबत होती, ती मी बदलली. दिनेशभाऊंना आवडली.

दिव्यानी


भद्रावती
२१ नोव्हेंबर २०२३

नणंदबाई,

आज तुले वहिनी लिवत नाई.

काल मायले पट्टी बदलायले नेलं. तिथली सिस्टर गोड बोलली. म्हने, बरं झालं तुमाले हे तारीख जमली, डॉक्टर तं गणपतीनंतरचीच देत होते, तुमच्या वहिनीनंच हट्ट करून दिवाळीनंतरची घेतली. मी तिथी बाकड्यावर बसूनच राह्यली. माय म्हने, काय झालं? मी म्हनलं, काई नाई, उन्हानं चक्कर आली.

तू मले माह्या नाटकापासून ओढून आनलं. मायच्या डोळ्याचं निमित करून! मले जर तोंडावर म्हनली असती का रीता, तुह्या सुखानं माह्या पोटात आग पडते, मी हसून सोडून देल्लं असतं. अन् तेवढ्यानं पोट नाई भरलं तं वाक्यं बदलली. माही वाक्यं वापस कर. लांबतात तं लांबू दे.

आता तुह्या घरचं आयक. इथी टेबल नाई. मी कुठीकुठी शोधलं. प्रिया म्हने, मम्मी शिलाई मशीनवर झाकन टाकून लिवते, अन् आजीचं काई शिवायचं असलं का उठते. पुस्तकं पिठाच्या डब्याईच्या मांगं. भोंगा वाजला का डबा, भोंगा वाजला का चहा. तीन दिवसात मी एक पान नाई वाचू शकली. मी काय काय समजली होती! पन मले तुही कीव करायची नाई आज, म्हनून हे इथीच सोडतो.

मायच्या डोळ्याले पट्टी, ते म्हने, दिव्यानीचं काईतरी वाच. मी मशीनच्या खणातला अंक काढला अन् वाचू लागली. अर्ध्यात आली तवा समजलं का त्या गोष्टीतली सासू सुनेपासून खीर लपवते. मी थांबली. माय म्हने, "वाच ना. ते मीच होय, मले समजलं." मंग म्हने, "पन मी खीर नाई लपवली कदी. तूप लपवलं होतं." मी म्हनलं, माय, राग नाई आला? म्हने, "लय आला. पुढचं वाच, पुढं का करते ते सून?" संपल्यावर म्हनलं, आता माह्यं नाटक वाचू का? तं म्हने, "थांब वो, आधी दिव्यानीच्या सगळ्या होऊ दे." माही सख्खी माय! जळायचं काम काई तू एकटीच नाई करत.

आज डोळा लाल झाला, पानी येते. डॉक्टर म्हन्ते अजून आठ दिवस रोज दाखवा. मी मंडईले नाई येऊ शकत. माह्या पयल्या नाटकाले मी नसन. झालं समाधान?

अन् तिसऱ्या अंकात भोक हाय म्हन्ते ना? हाय. मले मालूम हाय. ते मी तुह्यासाठीच ठेवलं. बाईले मी शब्द देल्ला, म्हनून सांगनार नाई. आता बाईले बी इचारू नको अन् मले बी.

रीता


चिचटोला
२३ नोव्हेंबर २०२३

वहिनी,

हो. तारीख मीच मागून घेतली. दुसरं काही लिहायला बसले की ते खोटं वाटतं, म्हणून लिहीत नाही.

तुझी वाक्यं परत केली. तू फोन उचलत नाहीस. मी परवाच्या गाडीनं निघते, तू इकडं ये. आईंचा डोळा मी बघते. मंडई तुझी आहे, तू शाल घे.

दिव्यानी


भद्रावती
२४ नोव्हेंबर २०२३

निघू नको म्हनून हे चिठ्ठी खुशालभाऊच्या परतीच्या गाडीनं देल्ली. फोन केला असता तं मी बोलली नसती, नुसती भांडली असती.

मायले सोडून मी आता नाई येत. ते झोपेत बी माह्यं बोट धरून असते. तू माह्या खुर्चीवर बस. बाईले बाजूले बसव, तिले आंगावर जाड घे म्हनजो. अन् एक काम कर. तिसरा अंक सुरू व्हायच्या आधी तिले घरी घेऊन जाय. थंडी वाजते म्हन, पाहुने आले म्हन, काईबी म्हन. पन तिले तिसरा अंक पाहू देऊ नको. अन् तू बी पाहू नको.

रीता


चिचटोला
२८ नोव्हेंबर २०२३

रीता वहिनी,

सोबत शाल आहे आणि नारळ. नारळाला तडा दिसेल, तो माझ्या हातून पडला. का ते सांगते.

मंडई जोरात झाली. घरात पाहुण्यांना पाय ठेवायला जागा नव्हती, रस्ता बैलांच्या शर्यतीचा शंकरपट सुटल्यासारखा भरला होता. शामियान्यात बाया पुढं, पुरुष मागं, पोरं स्टेजच्या पायथ्याशी. तुझं नाव पुकारलं तेव्हा मी उठून गेले. शाल माझ्या खांद्यावर पडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, "लेखिकेच्या नणंदबाई" म्हणून. वहिनी, इतकी वर्षं ज्या टाळ्यांसाठी जीव टाकला त्या मिळाल्या, आणि त्या दुसऱ्याच्या होत्या. शाल टोचत होती. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं आहे.

दुसरा अंक संपला तेव्हा मी मायला म्हटलं, चल, थंडी पडली. तुझं ऐकणार होते मी, खरंच. ती म्हणाली, "तुले थंडी वाजत असन तं तू जाय. माह्या सुनेचं नाटक हाय." हात धरला तर झटकला. मग मीही बसले.

ती नटी चांगली आहे, वडशाची, पन्नाशीची असेल. खरी पोरगी कडेवर घेऊन आली, गावातलीच कुणाची तरी. नाल्याजवळ थांबली. साट्याचं भाषण सुरू केलं. टाळ्या पडल्या. आणि माझ्या शेजारी माय उभी राहिली.

"असं नवतं," म्हणाली.

मी खाली ओढलं, बसली नाही. मायचा आवाज तुला माहीत आहे, वावरातून घरापर्यंत येतो. "असं नवतं वो बाई. पोरगी नवती संगं. पोराले घेऊन गेल्ती मी, रोशनले, तो चालत होता. पोरगी आजीजवळ निजली होती. तिले उचललं असतं तं सारं घर उठलं असतं. तिले टाकून गेल्ती मी."

पेटीवाल्याचा हात थांबला. प्रॉम्प्टर पडद्यामागून डोकं काढून बघायला लागला. नटीनं मायकडं बघून विचारलं, नाटकातल्या आवाजात नाही, आपल्या घरच्या आवाजात, "मंग वापस काऊन आली, बाई?"

"नाल्यात पाय टाकला अन् पोरगी रडलेली आयकू आली. दोन कोसावरून. तवा कुठून आयकू येईन? पन आली. म्हनून वापस आली. साट्याचं काई ध्यानात बी नवतं." आणि बसली. पदर सावरला. मी नारळ कधी सोडला मला माहीत नाही.

त्या नटीनं काय केलं सांगू? कडेवरची पोरगी खाली उतरवली, विंगेत देऊन आली, आणि रिकाम्या कडेनं पुन्हा नाल्यापाशी उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. नुसतं ऐकल्यासारखं केलं आणि वळली. वहिनी, मंडप रडला. ठमीकाकू रडली, दिनेशभाऊ रडले. तुझं सगळं भाषण गेलं आणि कुणाला त्याची आठवण आली नाही. लाल पेन चालवायची गरजच पडली नाही मला.

घरी येताना माय पुढं, मी मागं. तिनं वळून पाहिलं नाही, आणि या वेळी मलाही कळलं की तिला पुढं चालू द्यायचं असतं. म्हणाली, "सुनेले सांगता येते. लेकीले कसं सांगू, का मी तुले टाकून गेल्ती? तू लिवनारी. तू जनमभर तेच लिवलं असतं." मी म्हटलं, आणि ते पुस्तक चुलीत का घातलं होतंस? तर म्हणाली, "तू पुस्तकात असली का मले वाटे तू मले टाकून गेली." असं बोलली आणि दाराशी येऊन मला ओरडली, की पाहुण्यांना अंथरुणं कोण टाकणार.

मी तुझ्यावर रागावले नाही, हे खोटं होईल. तुला हे निंदणीपासून माहीत होतं. मी कडेवर नव्हते हे तुला माहीत होतं, आणि तू मला तिच्या कडेवर बसवलंस, कागदावर का होईना. एवढी मोठी गोष्ट हातात असून तू तुझं नाटक लंगडं ठेवलंस, माझ्यासाठी. मी तुझ्या जागी असते तर ठेवलं नसतं. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं आहे.

मासिकाला आज कळवलं, आईवरची कथा देत नाही. दुसरी देईन, तुपाची. आईंना सांग, यावेळी खीर नाही, तूपच लिहिते, आणि सून ते चोरून खाते तेही लिहिते. परवाच्या गाडीनं निघते. डोळा मी बघेन. तू इकडं ये, पुढचा प्रयोग मुलचेऱ्याला ठरला आहे, दिनेशभाऊ तुझी वाट बघताहेत.

त्याआधी तिसरा अंक बदल. भाषण काढ. मला कडेवरून उतरव, वहिनी. पोरगी घरी ठेव.

दिव्यानी